होईल काहीतरी त्याचं

मिठाईचा खोका घरात आला की बाकीच्यांचं लक्ष मिठाईकडे जातं, आमच्या आत्याचं खोक्याकडे. पेढे केशरी आहेत की साधे, याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. ती झाकण उचलते, बोटांनी पुठ्ठ्याची जाडी चाचपते, कडेची सोनेरी पट्टी नखाने जराशी उचकटून बघते आणि समाधानाने म्हणते, "छान आहे हं! लवकर संपवा." आणणाऱ्याला वाटतं, पेढे आवडले.

ही आत्या तुमच्याकडेही असणार. तुमच्याकडे ती कदाचित मामी असेल, किंवा फुटक्या पाइपात ओव्याची रोपं लावून जिन्यात टांगणारे शेजारचे अप्पा असतील. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' आपण सगळ्यांनीच केलेलं आहे. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, जुन्या बांगड्यांना लोकर गुंडाळून केलेलं तोरण, आगपेट्यांचा सोफासेट. मार्क मिळाले, आपण सुटलो. काही माणसं मात्र त्या तासातून बाहेर आलीच नाहीत. आत्या तर पुण्यातल्या एका प्राथमिक शाळेत हा तास शिकवायचीच, त्यामुळे तिची सुटका होण्याचा प्रश्नच नव्हता.

"टाकू नकोस गं, होईल काहीतरी त्याचं." हे तिचं वाक्य. काय होईल, असं विचारायचं नसतं. विचारलं तर ती आपल्याकडे जरा कीव केल्यासारखं बघते. "वस्तू हाताशी असली की सुचतं. फेकून दिलीस तर काय सुचणार, कपाळ?" यावर उत्तर नसतं. निदान काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, आजवर सापडलेलं नाही, आणि ते बँकेत होते.

सुचेपर्यंत वस्तू ठेवायची कुठे, हा पुढचा मुद्दा. माळा भरला, दिवाणाचं पोट भरलं, पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाखाली खोक्यांची दुहेरी रांग लागली. छोट्या वस्तू स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या डब्यांत असतात, पण डब्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या आत्याने कधी बदलल्या नाहीत. 'धने' लिहिलेल्या डब्यात शर्टांची बटणं आहेत. 'हिंग'मध्ये हुक आणि चुका. खरा हिंग 'चष्मा - जुना' नावाच्या डबीत असतो. बाहेरच्या माणसाला या घरात साधा चहा करता येणार नाही. काकांना मात्र सगळं पाठ झालंय. कोणी सुई मागितली तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता ते सांगतात, "साबुदाण्यात बघ."

तिच्या कलेचे कालखंड त्या त्या वेळच्या कचऱ्यावरून ओळखता येतात. सगळ्यात जुना कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्यांचा. काळ्या, घट्ट झाकणाच्या. प्रवासात हळदीकुंकू न्यायला तशी डबी आजवर कोणी काढलेली नाही, हे मीही मान्य करतो. मग कॅसेटी. त्यांच्या चकचकीत तपकिरी फिती गच्चीवर कुरडयांच्या भोवती बांधल्या की वाऱ्याने फडफडतात आणि कावळे जवळ येत नाहीत. त्या उन्हाळ्यात काकांनी जपून ठेवलेलं नाट्यसंगीत कावळे हाकलायला गेलं. सीडीचा काळ थोडका, पण भीषण होता. घरात जिकडे पाहावं तिकडे आपलाच चेहरा, मध्ये भोक पडलेला. नंतर पाण्याच्या बाटल्या आल्या, त्या अजून संपायच्या आहेत. सध्या कुरिअरच्या खोक्यांचं युग चालू आहे. सुनेने ऑनलाइन काही मागवलं की आत्या दारातच उभी असते. वस्तू परत पाठवायची म्हटली तर विरोध पहिला तिचा, कारण खोकं परत जातं.

एक्स-रेचा काळ वेगळा सांगायला हवा. चातुर्मासात रोज 33 गोपद्मं हाताने काढायची म्हणजे पाठ धरते. एक्स-रेची जुनी फिल्म कात्रीने छान कापली जाते, ओली झाली तरी खराब होत नाही, रांगोळीचा छाप करायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. हे सगळं खरं आहे. फक्त त्यासाठी आत्याने काकांच्या गुडघ्याचा एक्स-रे घेतला. पुढे तोच गुडघा पुन्हा दुखायला लागला आणि डॉक्टरांनी तुलनेसाठी जुनी फिल्म मागितली. आत्याने ती लगेच शोधून दिली. काही फेकत नसल्याचा फायदा असा असतो, असं ऐकवूनही दाखवलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. वाटीच्या बरोबर मधोमध एक रेखीव गोपद्म उजळलं. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "हे कधीपासून आहे?"

काका म्हणाले, "लग्न झाल्यापासून."

कागद हा तिचा सगळ्यात जिव्हाळ्याचा माल. हे तिच्या आईकडून आलेलं आहे. आमची आजी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची. रद्दी दोन-चार दिवस भिजत घालायची, मग कुटायची, त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची. मेथीने लगदा चिकट होतो आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. पालथ्या पातेल्यावर ओलं फडकं पसरून त्यावर हा लगदा हाताने थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. आजीची अशी एक टोपली अजून लसणासाठी वापरात आहे. आत्याही करते, पण आजीच्या वाड्यात अंगण होतं आणि आत्याच्या फ्लॅटला सामायिक पॅसेज आहे. भिजलेल्या रद्दीचा आणि मेथीचा तिसऱ्या दिवशी जो एकत्रित वास सुटतो, त्याबद्दल सोसायटीच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात एक परिच्छेद आहे.

पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. सुती चिंध्यांचा लगदा करायचा, तो पाण्यात पातळ करून जाळीच्या चौकटीवर उचलायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचं, असा तिथला कागद. झाड तोडायला नको. आत्याने एकदा शाळेची सहल तिथे नेली होती. मुलांनी कागद बघितला, आत्याने चौकट बघितली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या घरात डास शिरले, कारण खिडकीची जाळी न्हाणीघरात बादलीवर होती. लगदा मिक्सरमध्ये केला होता. तो मिक्सर पुढे काही दिवस चालला. चिंध्या कुठून आणायच्या म्हणून तिने वर्तमानपत्रंच वापरली, आणि तिचं असं ठाम मत झालं की इंग्रजी पेपरचा लगदा लवकर होतो, मराठी पेपर चिवट असतात.

हे मत खरं असावं. कारण माझ्या सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला तिने स्वतः केलेल्या कागदाचं शुभेच्छापत्र दिलं. खडबडीत, जाड, कडेला झेंडूच्या पाकळ्या चेपलेल्या. खरोखर देखणं. फक्त उजव्या कोपऱ्यात एक तुकडा मिक्सरला दाद न देता अख्खा राहिला होता आणि त्यावर स्वच्छ छापलेलं होतं, 'शोकाकुल'. सासऱ्यांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. आम्ही सगळे गप्प. ते म्हणाले, "आगाऊ दिलंत ते बरं केलंत. नंतर मला वाचता आलं नसतं." आत्या एवढंच म्हणाली, "पण पाकळ्यांचा रंग कसा टिकलाय बघा!"

लग्नपत्रिकांवरून ती लग्नांची प्रतवारी लावते. मुलगा काय करतो, मुलगी कुठली, हे नंतर. आधी "जाड आहे, आत टिशूही आहे, चांगली माणसं दिसतायत." पत्रिकांपासून ती आहेराची पाकिटं करते, त्यामुळे आमच्या नात्यात एका लग्नाची पत्रिका दुसऱ्या लग्नाचा आहेर घेऊन जाते. पण प्रत्येक पत्रिकेवर गणपती असतो. तो कापून टाकता येत नाही, पायाखाली येऊ देता येत नाही, पाकिटावरही नको, कारण पाकीट लोक फाडतात. म्हणून ती आधी कात्रीने गणपती अलगद काढून घेते आणि बुटांच्या एका खोक्यात (बूट कधीच न घातलेल्या खोक्यात, ती हे आवर्जून सांगते) ठेवते. त्यात आता शेकडो गणपती आहेत. मोदक घेतलेले, मृदंग वाजवणारे, नुसते सोंडेची एक रेघ असलेले आधुनिक. अलीकडे लोक व्हॉट्सॲपवर आमंत्रण धाडतात, तेव्हा ती मनापासून खिन्न होते. "एवढा खर्च करतात लग्नात, आणि एक कागद देववत नाही?"

तिच्याकडे गेलात तर चहाच्या आधी परीक्षा असते. ती पाठीमागे काहीतरी लपवून बाहेर येते. "ओळख बघू, हे मूळ काय होतं?" तुम्ही बघता. ते दिवा, टोपी किंवा फणस यांपैकी काहीही असू शकतं. इथे एक पथ्य सांगून ठेवतो. बरोबर ओळखायचं नाही. आमच्या एका मेव्हण्याने पहिल्याच फटक्यात सांगितलं, "पंख्याची जाळी." आत्याचा चेहरा इतका उतरला की त्या दिवशी चहात साखर नव्हती. तीन वेळा चुकायचं, हरलो म्हणायचं, आणि तिने "दुधाच्या पिशव्या!" असं जाहीर केलं की एक पाऊल मागे सरायचं. मग ती दुधाच्या पिशव्या कशा धुतल्या, कशा पट्ट्या कापल्या, जाड सुईवर कशा विणल्या ते सांगते. शेवटी विचारते, "खर्च किती आला असेल?" उत्तर तिच्याकडेच असतं. "शून्य!"

या शून्यात बोहरी आळीपर्यंतची रिक्षा धरलेली नसते. तिथून आणलेली लेस, फेविकॉलचा मोठा डबा, सोनेरी रंग, आणि 'आपल्याला नेहमी लागेल' म्हणून घेतलेलं ड्रिल मशीनही नसतं. काका एका वहीत हे गुपचूप टिपतात. त्यांच्या हिशेबाने घरातली जॅमच्या बाटलीची फुलदाणी तुळशीबागेतल्या काचेच्या फुलदाणीच्या पाचपट पडते. जॅमचे पैसे वेगळे.

या वस्तू स्वतःच्याच घरात राहिल्या असत्या तर काही तक्रार नव्हती. पण आत्या दानशूर आहे. आमच्या प्रत्येक घरात तिची एकेक वस्तू आहे आणि ती कपाटावर, मागच्या बाजूला, पिशवीत असते. "आत्या निघाली आहे" असा काकांचा फोन आला की स्टूल सरकवायचं, पिशवी उतरवायची, धूळ झटकायची, वस्तू दर्शनी भागात मांडायची. काका हा फोन न चुकता करतात, त्या बाबतीत ते आमचे आहेत. एकदा माझ्या बहिणीने घाईत भलतीच वस्तू मांडली. नारळाच्या करवंटीचं माकड. आत्या त्याच्याकडे बघून म्हणाली, "हे मी तुला कुठे दिलं होतं? हे तर धाकट्या वन्संना दिलं होतं." म्हणजे वन्संनी ते कुणाला दिलं, त्यांनी कुणाला, असं करत माकड सगळ्या नात्यात हिंडून बहिणीकडे पोचलं होतं. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. पण आत्या उलट खूश झाली. "बघ! टिकलं ना?"

2018च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटल्या-सजावटीवर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड. काकांच्या मनात आशेचा किरण चमकला, कारण माळ्यावर पिशव्यांचा जो साठा होता त्यावर सरकारचीही नजर गेली असती. ते आत्याला म्हणाले, "धाड पडेल." आत्याने शांतपणे सगळ्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून त्यांची पायपुसणी विणली आणि पुरावाच नष्ट केला. मखराच्या बाबतीत मात्र तो तिचा विजयाचा दिवस होता. मुलगा दरवर्षी थर्माकोलचं तयार मखर आणायचा आणि ती दरवर्षी नाक मुरडायची. "सरकारला आत्ता कळलं," असं म्हणून तिने कुरिअरच्या खोक्यांचं भव्य मखर उभं केलं. कमानी, खांब, कळस, सगळं. आरतीच्या वेळी बाजूचा रंगीत कागद उन्हाने जरा सुटला आणि गणपतीच्या डाव्या हाताला वर जाणारे दोन बाण दिसले. खाली 'हँडल विथ केअर'. सगळ्यांनी हात जोडलेलेच होते.

टीका झाली की तिच्याकडे दोन पद्मश्री तयार असतात. पहिली नेकचंद यांची. चंदीगडच्या बांधकाम खात्यातला हा रस्ते-निरीक्षक. सरकारी जंगलात, कोणाला पत्ता न लागू देता, फुटक्या बांगड्या, फरश्या आणि कपबशांमधून माणसं-जनावरं घडवत राहिला. 1976 साली ते रॉक गार्डन लोकांसाठी उघडलं आणि 1984 साली त्याला पद्मश्री मिळाली. काकांबरोबर तिथे गेली असताना आत्या दर पुतळ्यापाशी थांबायची आणि काही न बोलता काकांकडे बघायची. बाहेर आल्यावर बोलली. "आणि तुम्ही मला माळा रिकामा करायला सांगता." काका म्हणाले, "त्यांनी जंगलात केलं गं, हॉलमध्ये नाही."

दुसरी पद्मश्री अरविंद गुप्तांची, 2018ची. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या घेऊन भूमिती शिकवणारा माणूस. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून इतकी खेळणी केली की आत्याच्या शाळेतली पोरं तिथून परत यायला तयार नसायची. त्यांचा तिच्यावर खरा परिणाम झालाय. फक्त एका बाबतीत दोघांचं जमत नाही. मुलाने खेळणं मोडून आत काय आहे ते बघावं, असं गुप्ता मानतात. आत्याच्या वस्तूला हात लावलात तर बोटांवर पट्टी बसते.

इतकं लिहिल्यावर तिच्या गोधडीबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. आजीच्या काळात गोधडी ही हौस नव्हती. पांघरूण विकत घ्यायला पैसे नसत आणि नऊवारी लुगडं विरलं की त्याच्याइतकं मऊ कापड दुसरं नसे. थरावर थर घालायचे, कडेपासून आत येत येत धावदोरा घालायचा. त्यात काही सुचायची वाट बघावी लागत नसे, कारण थंडी यायचीच असायची. माझं मत विचाराल तर आत्याच्या पुष्कळशा वस्तू फसतात त्या याचमुळे. फुलदाणी कोणाला नकोच असते. गोधडी मात्र लागते, आणि ती करताना आत्या वेगळीच बाई होते. बोलत नाही, कोडी घालत नाही, सोनेरी रंगाची बाटली उघडत नाही. नात्यात मूल होणार म्हटलं की ती घराघरांतून जुन्या साड्या मागवते आणि कुठला तुकडा कुणाचा हे तोंडपाठ सांगते. ही आईची इरकल, ही तुझ्या आजेसासूबाईंची, ही मी शाळेत पहिल्या दिवशी नेसले होते ती. या गोधड्या कोणी कपाटावर ठेवत नाही. जर्मनीला निघालेल्या भाच्याच्या बॅगेचं वजन विमानतळावर जास्त भरलं, तेव्हा त्याने आईच्या डोळ्यांदेखत लोणच्याची बरणी बाहेर काढली. गोधडी नेली.

आता तिची नात कॉलेजात आहे आणि या सगळ्याला इंग्रजी नाव आलंय. नातीने साड्यांच्या तुकड्यांची एक पिशवी 2,400 रुपयांना आणली. आत्याने ती उलटी करून शिवण बघितली आणि म्हणाली, "टीप वाकडी आहे." किंमत कळल्यावर मात्र तिने पिशवी पुन्हा सुलटी केली आणि बराच वेळ हातात धरून बसली. मग नातीने मैत्रिणींसाठी आजीची एक कार्यशाळा ठरवली. मुली गोड होत्या, शिकायची आच होती, प्रत्येकीने फोटोही छान काढले. पण एकीने विचारलं, "आजी, या रिकाम्या बाटल्या तुम्ही कुठून मागवता? मी मागवल्या त्यांची काच इतकी छान नाही." आत्याला प्रश्नच कळला नाही. कळल्यावर ती घरी आली आणि काकांना म्हणाली, "अहो, रिकाम्या बाटल्या विकत घेतात हो ही पोरं!" काकांनी वर माळ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून ते माळा रिकामा करायचं नाव काढत नाहीत. वहीत त्यांनी एक नवीन पान उघडलंय आणि वर लिहिलंय, 'शिल्लक साठा'.

सध्या तिला औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं हवी आहेत. चंदेरी असतील तर उत्तम, सोनेरी असतील तर त्याहून. तुमच्याकडे साठली असतील तर फेकू नका, कळवा, ती स्वतः येऊन घेऊन जाईल. फक्त दारातच द्या. आत बोलावलंत तर तुमच्या भिंतीवरचं घड्याळ बंद आहे, हे तिच्या लक्षात येईल.